कोणतं निमगाव?

'सुट्टीपुरतं' हा चित्रपट दिवाळीच्या पाडव्याला दौंडच्या टॉकीजमध्ये लागला. दुपारच्या पहिल्या खेळाला शिरूरचे कंट्रोलरचाचा त्यांच्या मुलीसोबत हजर होते. चित्रपट संपला, दारं उघडली, लोक बाहेर पडले. चाचा पडद्याकडे तोंड करून नावांची शेवटची पाटी जाईपर्यंत उभे राहिले. पाट्यांमध्ये त्यांचं नाव नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं, तिथे दुसऱ्याचं होतं.

कंट्रोलरचाचा म्हणजे शिरूर बसस्थानकाचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. गाड्यांची नोंद ठेवायची, फलाट ठरवायचा आणि माईकवरून पुकारा करायचा, हे त्यांचं काम. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी काचेच्या त्याच खिडकीमागे काढली. माणूस दिसण्याआधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. न्हावऱ्याचा शेतकरी असो की वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला निघालेली शाळेची सहल, सगळ्यांनी तो आवाज ऐकलेला असे. नाव मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

त्यांच्याकडे तीन भाषा होत्या आणि त्या त्यांनी कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. "घरात दखनी, बाकावर शिरूरची, माईकवर सरकारची," असं ते सांगायचे. "तिन्ही माझ्याच हायती. पर एकीचं भांडं दुसरीच्या चुलीवर ठिवायचं न्हाई." माईकवर ते म्हणत, "न्हावरा, चौफुला, पाटस मार्गे दौंडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." बटण बंद केलं की त्याच दमात खिडकीतून चालकाला म्हणत, "कवाधरनं उभी हाय, काढ की आता." घरून चाचींचा फोन आला की तिसरी भाषा सुरू होई आणि आवाजही खाली येई. तिन्हींमध्ये त्यांचं व्याकरण पक्कं होतं. एखाद्या कंडक्टरने बाकावर 'आहे' म्हटलं, तर ते विचारत, "साहेब आलेत व्हय कुणी?"

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी नऊला स्थानकात येऊन दुसऱ्या फलाटाच्या बाकावर बसत आणि साडेअकराला घरी जात. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. त्या बाकावर बसलं की निम्म्या तालुक्याच्या बातम्या न फिरता मिळत. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "बसा बातमीदार," म्हणत आणि पिशवी उचलून जागा करत. माझी बातमी छापून आली की ती वाचायला घेत आणि बोट ठेवून चूक दाखवत. चूक बहुतेक वेळा खरी असे.

पुण्या-मुंबईकडून आलेले लोक त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले की एक वाक्य ठरलेलं असे. नाव कळल्यावर ते म्हणत, "अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता." चाचांचं उत्तरही ठरलेलं होतं. समोरच्याकडे नीट पाहून, अगदी सौम्यपणे ते म्हणत, "तुम्हीबी छान बोलता." समोरचा हसे. आपल्याला काय म्हटलं गेलं, हे काहींच्या लक्षात गाडीत बसल्यावर येत असावं. चाचांच्या घराण्याची किती पिढ्यांची हाडं शिरूरच्या कबरस्तानात आहेत, हे त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं.

त्यांचा सगळ्यात कडक नियम निमगावाचा होता. शिरूर तालुक्यात निमगावं तीन. निमगाव म्हाळुंगी शिक्रापूरच्या अंगाला, निमगाव भोगी रांजणगावच्या मागे, निमगाव दुडे वर टाकळी हाजीकडे. तिन्हींच्या दिशा तीन. खिडकीशी येऊन कुणी "निमगावची गाडी कधी?" असं विचारलं, की आतून प्रश्न येई, "कोणतं निमगाव?" विचारणारा कितीही घाईत असो, पूर्ण नाव सांगितल्याशिवाय त्याला वेळ कळत नसे. स्थानकातल्या लोकांनी याची चेष्टा केली. पोरं एकमेकांना हाका मारतानाही "कोणतं निमगाव?" म्हणत. चाचांना चेष्टेचं काही नव्हतं. ते म्हणत, "हसू द्या. गाडी बरोबर धरत्यात ना?"

या नियमामागचं कारण त्यांनी फार कुणाला सांगितलं नव्हतं. ते मी एकदाच ऐकलं, आणि ज्या प्रसंगी ऐकलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण सिनेमाच्या लोकांना चाचांचा पत्ता मीच दिला होता.

चैत्रात एका तरुणीचा फोन आला. ती एका मराठी चित्रपटाची सहायक दिग्दर्शिका होती. दिवाळीच्या सुट्टीतली हलकीफुलकी प्रेमकथा, शिरूर आणि दौंड भागात चित्रीकरण, नायिका मुंबईची. तिला इथली बोली शिकवायला कुणी जाणकार हवा होता. मी एकच नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती, दिग्दर्शक आणि नायिका बाकापाशी आले.

दिग्दर्शकाने संहितेतली दोन पानं वाचून दाखवली. चाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही पोरगी राहती कुठं?"

"निमगावला," दिग्दर्शक म्हणाले.

"कोणतं निमगाव?"

"काल्पनिक आहे, चाचा."

"आसू द्या की काल्पनिक. पर कोणतं?"

दिग्दर्शक हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी पुढचा आक्षेप घेतला. संहितेत नायिका दर वाक्याला 'नाय' म्हणत होती. "नाय हे समुद्राकडचं," चाचा म्हणाले. "हितं न्हाई म्हणत्यात. आन् हे 'करायलोय' पार तिकडं सोलापूरच्या पुढचं. हिची आई कोकणातली आन् बाप तिकडचा आसंल तर माझं काय म्हणनं न्हाई." अशा जागा त्यांनी पहिल्याच बैठकीत चाळीसेक काढल्या. दिग्दर्शकाने त्यांना तीन आठवडे थांबण्याची विनंती केली. ते रोजच तिथे येत असल्यामुळे थांबण्याचा प्रश्न नव्हता.

त्यांची शिकवण्याची पद्धत साधी होती. पहिले दोन दिवस त्यांनी नायिकेला एक शब्दही बोलू दिला नाही. बाकावर शेजारी बसवलं आणि फक्त ऐकायला सांगितलं. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका काय बोलतात, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून काय बोलतो, कारखान्यावरून आलेला ऊसतोडणीचा मुकादम मुलाला फोनवर काय सांगतो. तिसऱ्या दिवशी तिने 'न्हाई' म्हणून पाहिलं. "न आन् ह एका दमात," चाचा म्हणाले. "मधी श्वास घेतला तर मुंबई दिसती." तिने तो शब्द आठवडाभर घोटला. मुलगी कष्टाळू होती. ती त्यांना 'सर' म्हणायची. त्यांनी सांगितलं, "सर शाळंत. हितं चाचा म्हण."

त्यांनी तिच्यासाठी एका शाळेच्या वहीत तीन रकाने आखले होते: घर, बाक, माईक. एकच वाक्य तिन्हींमध्ये कसं होतं ते ओळीने लिहिलेलं. अक्षर टपोरं, शुद्धलेखन बिनचूक. ही वही शेवटी दिग्दर्शकाने मागून घेतली. ती परत आली नाही.

चित्रीकरण वैशाखातलं आणि कथा दिवाळीची. स्थानकावर भर उन्हात आकाशकंदील टांगले गेले. चाचांनी त्यावर काही म्हटलं नाही. तो त्यांचा विषय नव्हता. शेताच्या दृश्याला मात्र त्यांनी हटकलं. दिवाळीत इथे ऊस उभा असतो, तोड नुकती सुरू होते, आणि निवडलेल्या रानात ऊस तुटून बुडख्यांना नवा फुटवा, म्हणजे खोडवा, आला होता. "दिवाळीत हितं माणूस दिसत न्हाई उसात, आन् तुमच्या हिरोचे पाय दिसायला लागलेत," असं ते म्हणाले. युनिटने पाटसच्या बाजूला उभं असलेलं एक रान शोधलं. चित्रपटात तेच आहे आणि ते बरोबर दिसतं.

शिकवणीच्या चौथ्या की पाचव्या दिवशी दिग्दर्शकाने त्यांना विचारलं, की एका नावावरून एवढं का अडता. त्या वेळी मी बाकावर होतो. चाचांनी सांगितलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी माईकवर एकदा नुसतं 'निमगाव' म्हटलं होतं. एका बाईला भोगीला जायचं होतं. तिची बहीण वारली होती. ती पुकारा ऐकून दुड्याच्या गाडीत बसली. उतरल्यावर चूक कळली. परत शिरूरला येऊन दुसरी गाडी धरून ती भोगीला पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. "परत जाताना ती माझ्या खिडकीम्होरं येऊन हुबी ऱ्हायली," चाचा म्हणाले. "काय बोलली न्हाई. बोलली आसती तर बरं झालं आसतं. तवाधरनं पुरं नाव घेतल्याबिगर माईक सोडला न्हाई. माझा एक शब्द कमी पडला, आन् तिला भनीचं तोंड दिसलं न्हाई."

दिग्दर्शकाने "वा" म्हटलं. मी ते ऐकलं. नंतर त्यांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

त्यानंतर कथा बदलली. मूळ संहितेत नायकाची गाडी वाटेत बंद पडत होती. आता पुण्याचा नायक दिवाळीच्या सुट्टीत मित्राच्या गावी निमगावला निघतो आणि चुकून दुसऱ्या निमगावला उतरतो. तिथे एका घरात मुलीला बघायला पाहुणा यायचा असतो. घरचे लोक यालाच तो पाहुणा समजून ओवाळतात, फराळाला बसवतात, आणि पुढे जे व्हायचं ते होतं. पूर्ण चित्रपट या एका चुकीवर उभा आहे. चुकीची कल्पना कुठून आली, हे चित्रपटात कुठेही म्हटलेलं नाही. दिग्दर्शकाच्या तीन मुलाखती मी पाहिल्या आहेत. तिन्हींत त्यांनी ती कल्पना आपल्याला 'प्रवासात सुचल्याचं' सांगितलं आहे.

काम संपलं त्या दिवशी बसस्थानकात सगळ्या युनिटसमोर दिग्दर्शकाने जाहीर केलं, की चाचांचं नाव पडद्यावर स्वतंत्र पाटीवर येईल. मानधनाचा विषय चाचांनी पहिल्याच दिवशी नको म्हणून मिटवला होता. आता त्यांनी एकच अट घातली. नाव शुद्ध छापायचं. त्यांनी जुन्या तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने ते लिहून सहायक दिग्दर्शिकेच्या हातात दिलं: इस्माईल बाबालाल आतार. "अत्तार लिवू नका," त्यांनी बजावलं. "आतार. आन् खाली 'शिरूर' लिवा. शिरूरला ऱ्हस्व-दीर्घ बघून घ्या."

त्याच दिवशी आवाजाच्या माणसाने त्यांना जुन्या खिडकीत बसवून पुकारा ध्वनिमुद्रित केला. मागे स्थानकाचा खरा आवाज हवा म्हणून. चाचांनी दौंडची गाडी सांगितली, इनामगाव मुक्कामाची सांगितली, आणि मग तिन्ही निमगावं एकामागून एक पूर्ण नावाने. साधारण चाळीस सेकंद. एका दमात, चूक नाही.

दिवाळी आली. चाचांची मुलगी रेश्मा दौंडला दिलेली, जावई रेल्वेत. दौंडला पहिला खेळ दुपारी होता, म्हणून चाचा सकाळच्या गाडीने तिच्याकडे गेले. पुढचं रेश्माने मला सांगितलं आणि ते मी नंतर चाचांकडून तपासून घेतलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

पहिला अर्धा तास चाचा समाधानी होते. नायिकेने 'न्हाई' अचूक म्हटलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. मग नायक शिरूर बसस्थानकात येतो. मागे चाचांचा स्वतःचा आवाज सुरू होतो. रेश्माने त्यांचा हात धरला. आवाज संपला, कॅमेरा खिडकीकडे वळला, आणि खिडकीत एक नट होता. डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, गालात पान. पात्राचं नाव 'कंट्रोलरचाचा'. नायक त्याला निमगावची गाडी विचारतो. पात्र म्हणतं, "निमगाव का बस गया जी. नको नको, आला होता. तुमी बसून जावा, माझा बस हाय."

टॉकीज हसली. पात्राला मराठी धड येत नाही म्हणून नायक चुकीच्या गाडीत बसतो, असं हे दृश्य आहे. ते पुढे आणखी तीनदा येतं आणि दर वेळी विनोद तोच असतो.

रेश्मा उठायला निघाली. चाचांनी तिचं मनगट दाबून तिला खाली बसवलं. ते तिला इतकंच म्हणाले, की नावं बघून जाऊ.

नावं आली. 'बोलीभाषा संशोधन' या शीर्षकाखाली दिग्दर्शकाचं नाव होतं. 'विशेष आभार' या यादीत उसाचं रान देणारे शेतकरी होते, कंदील पुरवणारा दुकानदार होता, नायकाच्या मागे धावणाऱ्या कुत्र्याचे मालक होते, आणि 'शिरूर बसस्थानकातील सर्व कर्मचारी' होते. चाचांना निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यामुळे त्या ओळीतही ते बसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बाकावर आले आणि पिशवी उचलून मला जागा करून दिली. मग त्यांनी विचारलं, "बस गया म्हंजी काय, बातमीदार? बस मराठीत गेली. आमच्या घरातबी गयीच म्हणत्यात. हा मानूस कोणती भाषा बोलतोय? ही कुणाचीच न्हाई. ह्यांनी ती बनवली आन् माझ्या तोंडात घातली." नावाबद्दल ते बोलले नाहीत. मी विचारल्यावर म्हणाले, "नाव ऱ्हाऊ द्या. ती बाई. भोगीची. तिच्या घरच्यांनी बघितला आसंल का हो हा पिच्चर?"

मी दिग्दर्शकांना फोन केला. त्यांनी तो घेतला आणि अतिशय सभ्यपणे बोलले. ते पात्र आपण प्रेमाने लिहिलं आहे, लोकांना ते सगळ्यात जास्त आवडलं आहे, असं त्यांनी सांगितलं. "हलकाफुलका सिनेमा आहे हो. सुट्टीत घरच्यांनी एकत्र बघायचा. त्यात कुणाला दुखवायचा प्रश्नच येत नाही." पाटीवरच्या नावाबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, की यादी संकलनाच्या वेळी लहान करावी लागली. वहीबद्दल त्यांना आठवत नव्हतं. सहायक दिग्दर्शिकेने सांगितलं, की तिकिटावरचं नाव तिने वेळेत आणि लेखी पुढे पाठवलं होतं. तिने त्या संदेशाचा आणि तिकिटाचा फोटो मला पाठवला. पेन्सिलीतलं नाव स्वच्छ वाचता येतं. नाव पोचलंच नव्हतं, असं म्हणायलाही त्यामुळे जागा उरत नाही.

मी बातमी लिहून दिली. डेस्कवरून प्रश्न आला, यात बातमी काय आहे. त्या आठवड्यात आमच्याच पुरवणीत चित्रपटाचं परीक्षण आलं. त्यात 'घोडनदीकाठच्या बोलीचा अस्सल गंध' हे शब्द होते, आणि 'मोडकंतोडकं बोलणारा कंट्रोलरचाचा धमाल आणतो' हेही त्याच परिच्छेदात होतं. परीक्षण लिहिणाऱ्याला ही दोन वाक्यं शेजारी ठेवताना काही खटकलं नाही. माझी बातमी छापली गेली नाही. तिची प्रत माझ्याकडे आहे.

चाचांनी दिग्दर्शकांना पत्र लिहिलं. तक्रारीचं नव्हे. चित्रपटातल्या भाषेच्या सतरा चुका त्यांनी क्रमांक घालून, प्रसंगासह लिहिल्या होत्या. नायिकेचं काम चांगलं झाल्याचं सुरुवातीलाच नोंदवलं होतं. आपल्या नावाचा उल्लेख सहीखेरीज कुठेही नव्हता. सतरावा मुद्दा असा होता: 'शिरूर तालुक्यात निमगाव नावाची तीन गावे आहेत. कोणताही नियंत्रक पूर्ण नाव उच्चारल्याशिवाय गाडी सोडत नाही. सोडली तर काय होते, हे मी आपणांस सांगितले होते.' पत्र रजिस्टर टपालाने गेलं. पोच सहीसह परत आली. उत्तर आलं नाही.

चित्रपट चालला. त्यातलं ते वाक्य फोनवर फिरू लागलं. स्थानकात शिकाऊ कंडक्टर, रिक्षावाले, कॉलेजची पोरं चाचांना पाहून म्हणू लागली, "ओ चाचा, बस गया क्या?" ही पोरं त्यांच्या पुकाऱ्यावर शाळेत गेलेली होती. पहिले काही दिवस चाचा उत्तर देत: "गया न्हाई. गेली." पोरं आणखी हसत. एका रिक्षावाल्याने त्यांना तेच वाक्य तसंच म्हणून दाखवायला सांगितलं, फोन समोर धरून. चाचांनी त्याच्या बापाचं नाव घेऊन विचारलं, तो कसा आहे. फोन खाली गेला. पण तेवढ्याने वाक्य थांबलं नाही.

मग एक गृहस्थ भेटले. कारने आले होते, रस्ता विचारायला. चाचांनी रस्ता सांगितला. गृहस्थांनी नाव विचारलं, आणि नेहमीप्रमाणे वाक्य येईल म्हणून मी वाट पाहत होतो. ते आलं नाही. गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "अहो, तुमचं मराठी तर पिक्चरमधल्या चाचापेक्षा पुष्कळ बरं आहे." चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. ठरलेलं उत्तर दिलं नाही. गाडी गेल्यावर ते उठले. तेव्हा सव्वादहा झाले होते. साडेअकराच्या आधी मी त्यांना उठताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर ते बाकावर आले नाहीत. मी घरी गेलो की बसायला सांगत, चाची चहा देत. बोलणं होई, पण घरच्या भाषेत, चाचींशी जास्त. एकदा मी विचारलं, बाकावर का येत नाही. ते म्हणाले, "तिथं तोंड उघडलं की आता माझं ऐकायच्या आदी त्याचं ऐकत्यात." चाचींनी मधेच मला विचारलं, की तुमच्या पेपरात छापून येत नाही का. चाचांनी त्यांना थांबवलं आणि विषय बदलला. माझ्या बातम्यांतल्या चुका मात्र ते फोन करून सांगत राहिले.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, घरी खुर्चीत बसलेले असताना ते वारले. दफनाला एसटीचे जुने चालक-वाहक आले, बाजारातले लोक आले, फोन समोर धरणारा रिक्षावालाही आला. तिन्ही निमगावांतून माणसं आली होती. भोगीहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाई कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्या कोण, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमच्या दैनिकात दोन ओळींची निधनवार्ता आली. मी ती पाठवली तेव्हा 'आतार' लिहिलं होतं. छापताना 'अत्तार' झालं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती आली, तिच्यात नाव शुद्ध आहे.

'सुट्टीपुरतं' आता दर दिवाळीत एका वाहिनीवर दाखवतात. मोबाईलवरच्या आवृत्तीतल्या पाट्या मी या आठवड्यात पुन्हा तपासल्या. त्यांत बदल झालेला नाही.

यंदा भाऊबीजेला दुपारी चित्रपट लागला तेव्हा मी शिरूरला चाचांच्या घरी होतो. रेश्मा दौंडहून आलेली होती. दुसऱ्या जाहिरातींनंतर चाचींनी रिमोट उचलून आवाज वाढवला. नायक स्थानकात शिरला. दौंडची गाडी, इनामगाव मुक्कामाची गाडी, निमगाव म्हाळुंगी, निमगाव भोगी, निमगाव दुडे. कॅमेरा खिडकीकडे वळायच्या आत चाचींनी टीव्ही बंद केला.